लेझर रेंजफाइंडर, पोळ्यापासून मे पर्यंत: एअर रायफलसाठी अंतर ओळखण्याचा माझा अनुभव

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल आलं होतं, आता मे संपत आला, म्हणजे आठ महिने पुरे झाले आणि या आठ महिन्यांत तो रेंजफाइंडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजायचं खिशातलं यंत्र, माझ्याजवळ नाही असा वावरातला दिवस मोजकाच असेल. सात हजाराच्या आतलं साधं मॉडेल आहे, सहा पट जवळ दाखवतं, पाच मीटरच्या पुढचं मोजतं, कंपनी म्हणते एक मीटर इकडे तिकडे होऊ शकतं. घेतला तो एअर रायफलसाठी. माझी रायफल ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली, नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची, वर ४x३२ चा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. छर्रा सुटतानाची ताकद २० जूलच्या आतली आहे म्हणून लायसन लागत नाही.

शिकारीचं आधीच सांगून टाकतो, कारण एअरगन म्हटलं की इकडे लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. मी शिकार करत नाही. ससा, तितर, होला, मोर, काहीच मारता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तो आपल्या वावरातही लागू आहे, जंगलातच लागू असतो असं नाही. पण लहानपणी केली आहे. नववीत असताना काकाजींची जुनी एअरगन घेऊन तुरीच्या धुऱ्यावरून बाभळीवरच्या होल्यावर मारली होती, मला वाटलं वीस-बावीस मीटर आहे. छर्रा खाली लागला. होला पडला, एक पंख जमिनीवर घासत तुरीत शिरला, मी अंधार पडेपर्यंत ओळीओळीनं शोधत होतो, सापडला नाही, फक्त दोन करडी पिसं मिळाली. काकाजींनी मंग दुसऱ्या दिवशी ते अंतर पावलांनी मोजायला लावलं. चाळीस मीटरला थोडं कमी भरलं. ते एवढंच बोलले, "अंतर नाही समजत तर घोड्याले बोट लावाचं नाही." तेव्हापासून मी जिवंत वस्तूवर नेम धरलेला नाही, पण अंतराचा विषय डोक्यातून गेला नाही तो नाहीच. आता मारतो ते पत्र्याचे डबे, कागद, आणि लोखंडी पट्टीची पडणारी टार्गेटं, तेही गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खदानीत, जिथं मागे दोन पुरुष उंच मातीची भिंत आहे.

आता अंतराचा एवढा बाऊ काहून, तर छर्रा बंदुकीच्या गोळीसारखा जात नाही. माझ्या रायफलमधून तो साधारण सेकंदाला २०० मीटरनं सुटतो, वजन अर्धा ग्रॅम, हवा त्याला लगेच थकवते. स्कोप २५ मीटरवर झिरो केला, म्हणजे तिथं छर्रा बरोबर नेमावर लागेल असा बसवला, तर १० पासून २५ पर्यंत छर्रा नेमाच्या एक सेंटीमीटर वर किंवा खाली इतक्यातच राहतो, म्हणजे काही विचार न करता नेम धरा आणि मारा. ३० ला दोन सेंटीमीटर खाली. ३५ ला पाच. आणि ४० ला जवळजवळ साडेनऊ सेंटीमीटर खाली. म्हणजे पंचवीसच्या आत अंदाज पाच मीटर चुकला तरी डबा पडतो, पण चाळीसला पस्तीस समजलात तर छर्रा साडेचार सेंटीमीटर खाली जातो आणि तुम्ही रायफलला, स्कोपला, हवेला दोष देत बसता. हे आकडे माझ्या रायफलचे आहेत, तुमची वेगळी असेल तर वेगळे येतील, काढायची पद्धत सोपी आहे. मोठ्या कागदावर उभी रेघ मारा, वरती एक टिकली काढा, प्रत्येक वेळी टिकलीवरच नेम धरून दर पाच मीटरला पाच-पाच छर्रे मारा आणि टिकलीपासून खाली टेपनं मोजा. एक सकाळ जाते, पण वारं पडलेलं पाहिजे. मी ते आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला चिकटवले आहेत.

यंत्र मीटरवर आणलं (तो घोळ पुढं सांगतो) त्या दिवशी मी एक प्रयोग केला तो सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. यंत्र खिशातच ठेवलं, वहीत दहा जागांचा अंदाज लिहिला, आणि मंगच बटण दाबलं. गोठ्याचं दार मी ३० लिहिलं, निघालं ३८. नाल्यापलीकडच्या बाभळीचं खोड २५ लिहिलं, निघालं ३४. आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींच्या बोळातून समोर दिसणारा डबा ३० लिहिला, तो २४ वर होता. मी शेतकऱ्याचा पोरगा, रोज तेच वावर पाहतो, तरी दहापैकी सात ठिकाणी पाच मीटरच्या वर चुकलो. पण नंतर वही पाहता पाहता लक्षात आलं की चूक कशीही होत नाही, तिला वळण आहे. मधात नाला, खड्डा, उघडं वखरलेलं रान असलं की डोळ्याला पकडायला काही राहत नाही आणि वस्तू जवळ वाटते. दोन्हीकडून झाडं, तुरी, पऱ्हाटी दाटलेली असली की तीच वस्तू लांब वाटते. पाऊस उघडल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा सगळं जवळ येतं, संध्याकाळी दिवेलागणीला सगळं मागे सरकतं. डबा लहान असला की लांब वाटतो, हे तर रोजचंच, म्हणून मी आता अर्धा लिटरचा आणि पाव लिटरचा डबा मुद्दाम अदलाबदल करून ठेवतो.

यंत्राचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे त्याचे दोष समजतील. आतून डोळ्याला न दिसणारा लेझरचा ठिपका सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, तेवढ्या वेळावरून अंतर निघतं. एक मीटर जाऊन परत यायला उजेडाला सहा-सात नॅनोसेकंद लागतात, म्हणून स्वस्तातल्या यंत्राकडून एक मीटरपेक्षा बारीक हिशोबाची अपेक्षा करू नये. ती एक मीटरची चूक पंचवीसच्या आत काहीच करत नाही, चाळीसला मात्र जवळपास एक सेंटीमीटर छर्रा हलवते. डब्याला चालतं, बारीक टार्गेटला नाही.

पहिला त्रास मला मीटर-यार्डाचा झाला. डब्यातून काढलं तेव्हा यंत्र यार्डात होतं, कोपऱ्यात बारीकसा इंग्रजी वाय दिसत होता तो मी पंधरा दिवस पाहिलाच नाही. चाळीस दाखवलं की मी चाळीस मीटरचा नेम वर धरायचो, आणि ते होतं साडेछत्तीस मीटर, छर्रा तीन सेंटीमीटर वर. मला वाटलं स्कोप हलला, दोन वेळा झिरो बदलला, अर्धी डबी छर्रे गेले. बटण तीन सेकंद दाबून धरलं की मीटर होतं, हे माहितीपत्रकात होतं पण इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागावं. घेतल्याबरोबर आधी हे पाहा.

दुसरा त्रास तुरीचा. लेझरचा ठिपका डोळ्याला वाटतो तेवढा बारीक नसतो, पुढं जाता जाता पसरतो, आणि मधात एखादी काडी, गवताचं पातं, तुरीची फांदी आली की यंत्र तिचंच अंतर सांगतं. डबा ३५ वर आणि यंत्र १९ म्हणतं. म्हणून एकदा दाबून विश्वास ठेवायचा नाही, बटण दाबून धरलं की आकडा सारखा बदलत राहतो तसं करून डब्यावर, डब्याच्या शेजारच्या दगडावर, मागच्या मातीवर फिरवायचं, तीन आकडे जवळजवळ जुळले की खरं. काळा रंग दिलेलं टार्गेट याला नीट दिसत नाही, मी मंग शेजारी खताच्या पांढऱ्या पोत्याचा तुकडा काडीला बांधून रोवतो, त्याच्यावर लगेच आकडा येतो.

तिसरं म्हणजे ऊन. बाप्पा, आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मे मध्ये अकरा ते चार हे यंत्र माझ्या कामाचं नाही. उन्हातच लेझरच्या जातीचा उजेड भरलेला असतो, त्यात यंत्राला आपला ठिपका ओळखू येत नाही, नुसत्या आडव्या रेघा दाखवतं. शंभर मीटरच्या आत कसंबसं चालतं पण दोन-तीनदा दाबावं लागतं. उलट संध्याकाळी वेगळीच अडचण, आतले आकडे काळे आहेत आणि मागे बाभूळ काळी, काही म्हणजे काही वाचता येत नाही. लाल उजेडाचे आकडे असलेलं मॉडेल महाग होतं म्हणून घेतलं नाही, आज घेतलं असतं. हिवाळ्यात हरभऱ्याच्या वेळी पहाटे धुकं असलं तर धुक्याचंच अंतर सांगतं, पण धुक्यात रायफल काढायची गरजच काय.

उतारावरचा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. खदानीच्या वरच्या कडेवरून खाली मारलं की छर्रा नेहमी वर लागायचा, मला वर्षभर समजलं नव्हतं का. धरणी छर्र्याला ओढते ती फक्त आडव्या अंतराच्या हिशोबानं. ३० अंशाच्या उतारावर तिरपं अंतर ४० मीटर असलं तर आडवं साडेचौतीस भरतं, नेम त्याचा धरायचा, चाळीसचा नाही, फरक साडेचार-पाच सेंटीमीटरचा. खाली मारा की वर मारा, हिशोब तोच. माझ्या यंत्रात कोनाची सोय आहे, दोन्ही आकडे दाखवतं. तुमच्या वावरात उतार, खदान, तलावाचा बांध असं काही असेल तर ही सोय असलेलंच घ्या, सपाट काळ्या रानात तिचा उपयोग नाही.

आता यंत्राशिवायचं. हे काकाजींकडून आलेलं आहे आणि माझ्या मते यंत्रापेक्षा मोठं आहे. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, त्याची एक बाजू म्हणजे १० मीटर. कास्तकाराच्या डोळ्याला गुंठा दिसतो, मीटर दिसत नाही. म्हणून समोर पाहताना "एक गुंठा, दोन गुंठे, तीन गुंठे" असं जमिनीवर मनातल्या मनात चटई पसरल्यासारखं टाकत जायचं. दुसरं म्हणजे ओळी. पऱ्हाटी चार फुटावर लावली असेल आणि तुम्ही ओळींना आडवं पाहत असाल तर पंचवीस ओळी म्हणजे १०० फूट, म्हणजे तीस मीटर. माझी तेरा पावलं म्हणजे १० मीटर, हे मी धुऱ्यावर टेप टाकून पक्कं केलं, तुमची तुम्ही करा, घाईत आणि चिखलात पावलं लहान पडतात. लांबच्या वस्तूचं एकदम बोलायचं नाही, अर्ध्यावरची एखादी खूण धरायची, तिथपर्यंतचं ओळखायचं आणि दुप्पट करायचं. स्कोपमध्ये मिल-डॉट, म्हणजे नेमाच्या रेघांवर एक-एक मिलवर ठिपके असतील तर त्यानंही निघतं, वस्तूची उंची मिलीमीटरमध्ये घ्या आणि ती किती मिल भरते त्यानं भागा, मीटर निघतात, १०० मिमीचा डबा चार मिल भरला तर २५ मीटर. पण झूमवाल्या स्कोपमध्ये बहुतेक वेळा हे ठरावीक पॉवरवरच खरं असतं, आणि मे मध्ये जमिनीवरून झळा निघायला लागल्या की डबाच नाचतो, मिल काय मोजणार.

फील्ड टार्गेट नावाचा एअर रायफलचा खेळ आहे, त्यात टार्गेटं ८ पासून ५५ यार्डांपर्यंत कुठंही लपवलेली असतात, लोखंडी पत्र्यातलं भोक १५ ते ४० मिमीचं, आणि तिथं लेझर रेंजफाइंडर चालतच नाही. अंतर डोळ्यानं किंवा स्कोपचा फोकस फिरवून ओळखायचं. ऑलिम्पिकमधल्या १० मीटरच्या खेळात अंतर ठरलेलं असतं, अभिनव बिंद्रानं २००८ ला सुवर्ण घेतलं ते त्यातच, तिथली अवघड गोष्ट वेगळी. आपल्याला वावरात बसून जमेल असा खेळ मला फील्ड टार्गेटचा वाटतो. म्हणूनच मी नियम केला आहे, आधी अंदाज मोठ्यानं बोलायचा, मंग बटण. आठ महिन्यांची वही आहे माझ्याकडे. सप्टेंबरात सरासरी सहा-सात मीटर चुकत होतो, या महिन्यात चाळीसच्या आत दोनच्या वर क्वचित चुकलो. नाल्यापलीकडे अजून चुकतो.

रायफल सोडून वावरात जे काम झालं तेही सांगतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी झटका मशीनची तार टाकायची होती, चारही धुरे मोजून किती तार लागते ते एका तासात काढलं, ठिबकच्या नळीचाही अंदाज त्यानंच. रानडुकरावर एअरगन चालवतो म्हणणारे इकडे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, छर्र्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणाऱ्या बाईच्या अंगावर जातं. कायद्यानं गुन्हा आहे तो आहेच. नुकसान झालं तर पंचनामा करा, वनविभागाकडे अर्ज करा, वेळ लागतो पण करा. जंगलाच्या कडेला एअरगन घेऊन फिरूही नका.

बॅटरी चार्जिंगची आहे, महिन्यात एकदा चार्ज करतो. रबरी झाकण सहाव्या महिन्यात तुटलं, सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली आहे. लेझर माणसाच्या, बैलाच्या डोळ्यात मारायचा नाही, पोरांच्या हातात एकटं द्यायचं नाही. घ्यावा की नाही विचाराल तर तुमच्या रायफलचे आकडे आधी कागदावर काढलेले असतील तर घ्या, नसतील तर आधी ते काढा, टेप आणि दोरी घरात आहेच.

काकाजी आता सत्तरीच्या पुढचे आहेत, परवा खदानीवर आले होते. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी घेतलं नाही, कडेवर उभं राहून खालच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन गुंठे, वर थोडं." मी दाबलं. ३२ आलं.