विश्रांतीचा वारही कार्डावर लिहून देणारी फोंड्याची व्यायामशाळा

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारापासून जवळच असलेल्या एका लहानशा व्यायामशाळेत मी मार्चपासून जात आहे. जागा मोठी नाही, यंत्रे नवी नाहीत आणि शुल्कही इतर ठिकाणांपेक्षा फारसे कमी नाही. तरीही तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण व्यायाम कोणत्या दिवशी करू नये हे मला प्रथम येथे शिकवले गेले.

नाव नोंदवल्यावर मिळालेल्या जाड पिवळ्या कार्डावर सात वारांचे सात रकाने होते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार वजनांसाठी, मंगळवार आणि शनिवार चालण्यासाठी व अंग मोकळे करण्यासाठी, तर गुरुवार आणि रविवार या दोन्ही रकान्यांत प्रशिक्षकांनी निळ्या शाईने ‘विश्रांती’ असे लिहून खाली रेघ ओढली होती. हे रकाने कोरे सोडलेले नव्हते. रात्री किती तास झोप झाली आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके मिनिटाला किती होते, हे त्यांत मी स्वतः भरायचे होते आणि दुसऱ्या दिवशी दाखवायचे होते.

याचे महत्त्व मला इतके वाटले त्याला पूर्वानुभव कारण आहे. याआधी मी ज्या ठिकाणी जात होते तेथे आठवड्याचे सहा दिवस वजने उचलण्याचा आग्रह असे आणि एक दिवस चुकला की आठवडा वाया गेला, असे सांगितले जाई. चौथ्या महिन्यात माझा उजवा खांदा इतका दुखू लागला की फळीवरचा डबा काढणे कठीण झाले, आणि मग सलग दोन महिने व्यायाम पूर्णपणे बंद ठेवावा लागला.

येथील प्रशिक्षकांनी मला जे समजावले ते थोडक्यात असे. वजन उचलताना स्नायू बळकट होत नसतो, त्या वेळी त्याच्यावर ताण येतो व त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यांची डागडुजी आणि नवी बांधणी नंतर होते, आणि ही प्रथिनांची बांधणी साधारण २४ ते ४८ तास वाढलेल्या वेगाने चालू राहते. म्हणूनच एकाच स्नायुगटाच्या दोन जड व्यायामांमध्ये निदान ४८ तासांचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा खर्च झाला असेल तर तो पुरता भरून यायलाही पोटभर भातभाकरी खाऊन जवळपास एक दिवस लागतो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या स्नायूंपेक्षा हळू बळकट होतात. आपल्याला अधिक वजन झेपते आहे असे वाटू लागते तेव्हा कंडरा अजून मागेच असतात, आणि माझ्या खांद्याचे बहुधा हेच झाले असावे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस करायला सांगते. तो रोजच हवा असे तिचे म्हणणे नाही.

कार्डावरील नाडीचा आकडा केवळ नोंदीसाठी नसतो, हे मला चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात कळले. घरी पाहुणे, स्वयंपाक आणि उशिरापर्यंत चालणाऱ्या आरत्या यांत झोप जेमतेम चार तास होत होती. एरवी ६४ च्या आसपास असणारी माझी नाडी त्या सोमवारी सकाळी ७५ भरली. मी बारबेलपाशी उभी राहिले होते, तेवढ्यात प्रशिक्षक कार्ड हातात घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, आयज वजन नाका (आज वजन नको).” मला त्यांनी वीस मिनिटे सावकाश चालायला लावले आणि घरी पाठवले. बुधवारी नाडी पूर्ववत झाली होती आणि स्क्वॅटचे तीनही सेट मी पूर्ण करू शकले. आलेल्या सदस्याला व्यायाम न करवता परत पाठवणारा प्रशिक्षक मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता, आणि त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

गोव्याच्या हवेचाही येथे विचार होतो. एप्रिल-मे महिन्यांत हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि तोच व्यायाम हृदयाला अधिक जड जातो. त्या दोन महिन्यांत माझे वजनांचे दिवस तीनवरून दोन करण्यात आले. विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे, हेही सांगितले गेले. रविवारी कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, फेरफटका मारावा, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी नेहमीचे जेवण घ्यावे, व्यायाम नाही म्हणून जेवण कापू नये, असा साधा सल्ला होता. मला तो फार मोलाचा वाटला, कारण विशेषतः आम्ही बायका नेमकी हीच चूक करतो.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसाळ्यात चटयांना कुबट वास येतो, काही डंबेल्सना गंज चढला आहे, आणि हवा खेळती राहण्यासाठी असलेले दोन पंखे अपुरे पडतात. दुचाकी लावायला जागा शोधावी लागते.

मात्र माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. सकाळच्या सदस्यांची कार्डे ज्या काळजीने पाहिली जातात ती काळजी संध्याकाळी दिसत नाही. त्या वेळी गर्दी मोठी आणि प्रशिक्षक एकच असतो. कॉलेजची मुले रोज छाती आणि दंडांचाच व्यायाम करताना मी पाहिली आहेत, आणि त्यांतील एक मुलगा मनगटाला पट्टी बांधूनही बेंच प्रेस करत होता. संध्याकाळसाठी आणखी एक प्रशिक्षक नेमावा, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापनाकडे केली आहे. वार्षिक शुल्क भरून मी येथे आणखी एक वर्ष राहणारच आहे, परंतु माझ्या भाच्याला नाव घालायचे झाले तर तूर्तास मी त्याला सकाळचीच वेळ घ्यायला सांगेन.