सांडपाण्यासाठी ओझोन की थेट प्लाझ्मा?

जैविक प्रक्रियेनंतरही सांडपाण्यात रंग आणि औषधांचे अंश उरतात, तर ओझोन बसवू की प्लाझ्मा, असं एका मैत्रिणीने विचारलं. मुळात दोन्हीकडे विजेचाच डिस्चार्ज, म्हणजे वायूतून किंवा पाण्यातून झेपावणारी वीज. ओझोन यंत्रात तो वायूत होतो आणि तयार झालेला ओझोन पाण्यात सोडतात. प्लाझ्मात, म्हणजे विजेने विद्युतभारित झालेल्या वायूच्या पद्धतीत, ठिणगी पाण्यातच किंवा पाण्याला लागून पडते.

ताकदीत प्लाझ्मा सरस. त्यातल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचं (पाण्यापासून बनणारा अतिक्रियाशील कण) ऑक्सिडीकरण विभव, म्हणजे रसायनांचं ऑक्सिडीकरण करण्याची ताकद, सुमारे 2.8 व्होल्ट, ओझोनचं 2.07. पीफाससारखी (PFAS, फ्लोरिनयुक्त, सहज न विघटणारी) चिवट रसायनं ओझोनला दाद देत नाहीत. आरगॉन या निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडून केलेला प्लाझ्मा ती तोडतो. मात्र रॅडिकल क्षणार्धात विरतात, म्हणून प्रदूषक ठिणगीजवळ यावाच लागतो. मोठ्या टाकीत हे जमवणं अवघड, आणि माझ्या मते खरी अडचण हीच.

रंग घालवायला ओझोनला वीज कमी लागते. पाणी फार खारट असेल तर पाण्यातली ठिणगी नीट पडतच नाही.

देखभालीत पाण्यातल्या इलेक्ट्रोडचं टोक झिजतं, धातूचे कण पाण्यात उतरतात. हवेतल्या प्लाझ्माने नायट्रेट वाढतं, पाणी आम्लधर्मी होतं. ओझोनने पाण्यातल्या ब्रोमाइड क्षाराचं ब्रोमेट हे घातक संयुग होतं, तेही तपासाच.

मोठा, सतत वाहणारा प्रवाह असेल तर ओझोन घ्या. पाणी थोडं, पण पीफासने भरलेलं असेल तर प्लाझ्मा.