आठ महिने वजनकाटा वापरल्यावर

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरासाठी 5 किलोपर्यंत तोलणारा, 1 ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवणारा डिजिटल काटा घेतला. कारण एकच: आईची शंकरपाळी. तिचं प्रमाण एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि "मावेल तेवढा मैदा". हा मावेल तेवढा मैदा मला कधीच जमला नव्हता.

आधी आईची वाटीच मोजली. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं: 170 ग्रॅम, म्हणजे 170 मिली. त्याच वाटीत साखर 144 ग्रॅम भरली, पातळ तूप 154, बारीक रवा 120. मैद्याने मात्र डोळे उघडले. चाळून हलक्या हाताने भरला तर 84 ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून सपाट केली तर 102. शीग लावली की आणखी वेगळा. पाच वाट्यांत 90 ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी वाटी! इतकी वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

मग आई मळायला बसली तेव्हा मैद्याचा डबाच काट्यावर ठेवून शून्य केलं. ती मूठमूठ काढत गेली, आकडा उणे होत गेला. गोळा झाला तेव्हा उणे 620. शोधत होते ते हेच. त्यानंतर चार वेळा शंकरपाळी केली, मैद्याच्या प्रतीप्रमाणे दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले, पण चारही वेळा खुसखुशीत झाली.

प्रमाण मेलबर्नच्या मावसबहिणीलाही ग्रॅममध्येच पाठवलं. तिच्याकडचा कप 250 मिलीचा, माझ्याकडचा 240 चा, अमेरिकन पाककृतीतला साधारण 237 चा. शिवाय ऑस्ट्रेलियात मोठा चमचा 20 मिलीचा असतो, आपल्याकडे मिळणाऱ्या संचात 15 चा. तीन चमचे म्हटलं की तिथे 60 आणि इथे 45.

आता तक्रारी. काट्यावर मिलीचं बटण आहे, पण ते सगळंच पाणी समजतं. 200 मिली तेल त्यावर मोजलं तर प्रत्यक्षात जवळपास 218 मिली पडतं. मी ते बटण वापरणंच सोडलं. सोडा, यीस्ट, वेलदोड्याची पूड अशा दोन-तीन ग्रॅमच्या जिनसांवर काट्याचा भरवसा नाही, तिथे चमचाच बरा. अगदी हळूहळू भुरभुरवलं तर काही ग्रॅम तो धरतच नाही. दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं जातं. मोठी परात ठेवली की आकडा झाकला जातो, म्हणून मी खाली पालथी वाटी ठेवते.

रोजच्या वरणभाताला काटा काढत नाही, तिथे वाटी आणि हाताचा अंदाज पुरतो. पण चकलीला हवाच. एक वाटी भाजणीला एक वाटी पाणी म्हणतात, पण ताज्या दळलेल्या भाजणीची वाटी हलकी भरते आणि आठवडाभर डब्यात बसलेलीची जड. त्यामुळे पहिल्या घाण्याच्या चकल्या छान आणि पुढच्या आठवड्यातल्या तुटणाऱ्या, असं व्हायचं. यंदा भाजणी दळून आणली त्याच दिवशी एका वाटीचं वजन डब्यावर चिकटवून ठेवलं आहे.