रंग ऐकायचे की टिंब बघायचं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या, चित्रांची ओळख करून द्यायची आहे आणि पुस्तक एकच घ्यायचं आहे, तर माझ्यासमोर दोन नावं येतात: रशियन चित्रकार कांडिन्स्कीवरचं ‘द नॉइझी पेंट बॉक्स’ आणि भारतीय चित्रकार सय्यद हैदर रझांवरचं ‘रझाज बिंदू’. दोन्ही इंग्रजीत, म्हणजे मराठी घरात वाचून दाखवायचं काम आपल्याच गळ्यात.

कांडिन्स्कीचं पुस्तक गोष्टीचं. शिस्तीत वाढणाऱ्या वास्याला, म्हणजे छोट्या कांडिन्स्कीला, मावशी रंगपेटी देते आणि त्याला रंगांचे आवाज ऐकू यायला लागतात. लिंबाच्या रंगाचं वर्तुळ पियानोसारखं किणकिणतं, गडद निळा चौकोन चेलोसारखा घुमतो. दादरच्या घरी भाचीला वाचून दाखवताना मी पियानोच्या जागी देवघरातली घंटा घेतली, चेलोच्या जागी तंबोरा. काही अडलं नाही. तिने जांभळा खडू कानाशी धरला आणि म्हणाली, “मावशी, हा झोपलाय.” मेरी ग्रँडप्रेच्या चित्रांना 2015 मध्ये कॅल्डेकॉट ऑनर हा अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा सन्मान मिळाला, तो पानोपानी पटतो. गोष्टीतले संवाद मात्र कल्पित आहेत. थोडं मोठं मूल असेल तर तसं सांगून टाकावं.

रझांचं पुस्तक बघण्या-करण्याचं. त्याला शेजारी मोठं माणूस, खडू आणि जमिनीवर पसरायला जागा लागते. झोपताना वाचायचं ते नव्हे. पण त्यामागची हकीकत कुठल्याही मुलाला कळते: लहानपणी लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर टिंब काढून दिलं, याकडे बघत बस म्हणाले. पुढे ते टिंबच त्यांच्या चित्रांच्या मधोमध आलं.

मुंबईकरांसाठी इथे एक जास्तीची गोष्ट आहे. रझा जे. जे. कलाशाळेत शिकले, 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकार-शिल्पकारांच्या गटात उभे राहिले. रविवारी सीएसएमटीला उतरून जे. जे.चं फाटक दाखवता येतं, पुढे जहांगीर कलादालनात फुकट चित्रं बघता येतात. कांडिन्स्कीचं मॉस्को तेवढं जवळ नाही.

तरीही निवड चित्रकाराच्या नावावर करू नये. मांडीवर बसून ऐकणारं मूल असेल तर कांडिन्स्की, एका जागी न बसणारं असेल तर रझा. आणि दोन्हींपैकी काहीही घ्या, अमूर्त चित्र समोर आलं की “हे कशाचं चित्र आहे, सांग” असं विचारू नका. वास्यालाही मोठी माणसं तेच विचारत राहतात. “याचा आवाज कसा येतो?” एवढंच विचारा.

आमच्याकडे आधी कांडिन्स्की आलं. टिंबाचं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत, खडू संपायच्या आत.