ऑक्सिजनची पिशवी न् माझं तीन क्विंटल सोयाबीन

चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावातून एसटीनं अमरावती गाठायची, माणूस मावेल अशा, हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन देणाऱ्या फुगत्या पिशवीत तासभर निजायचं न् परत यायचं. असं ५ वेळा झालं. पॅकेज १० वेळांचं, १५ हजारांचं. तीन क्विंटल सोयाबीन गेलं समजा. मला आजार काहीच नाही, वय ६६. भाच्यानं 'मामा, प्रतिकारशक्ती वाढते' म्हणत नाव नोंदवलं. बायको तेव्हाच म्हणाली, "ऑक्सिजन तर वावरातही भेटते न, फुकट!"

सेवेला नावं ठेवणार नाही. जागा चकाचक. पहिल्या दिवशी तिथली पोरगी म्हणाली, "काका, डोक्याले तेल लावून आले न? आधी धुऊन या." ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीशी खेळ, तिचं बरोबरच होतं. सुती कपडे घालायचे, मोबाईल बाहेर ठेवायचा. चेन लावली की पिशवी फुगते न् चिखलदऱ्याचा घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसतात. नाक दाबून फुंकलं की सुटतात.

राग आला तो भिंतीवरच्या फलकाचा. त्यावर इस्रायलच्या २०२० च्या अभ्यासाचा हवाला. आपण आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून शोधून वाचला. ६४ वर्षांवरची ३५ निरोगी माणसं, ६० सत्रं, दर वेळी ९० मिनिटं, दाब २ वातावरणांचा (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दुप्पट), मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. रोगाशी लढणाऱ्या टी, बी न् एनके पेशींमधली, वयाबरोबर झिजणारी गुणसूत्रांची टोकं २० टक्क्यांहून जास्त लांबली. म्हाताऱ्या टी पेशीही घटल्या. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. अन् त्या लोकांचं दुखणंखुपणं कमी झालं का, हे त्यात मोजलेलंच नाही.

माझ्या पिशवीचा दाबाचा काटा १.३ वातावरणांच्या पुढं गेला नाही. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतही ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असते. त्याउपर ऑक्सिजन रक्तात विरघळवायचा तर दाबच पाहिजे. पंपाला अर्धा दाब देऊन संत्र्याच्या शेंड्यापर्यंत फवारा जाते का, बाप्पा?

शुगरमुळे कोणाच्या पायाची जखम भरत नसेल तर गोष्ट वेगळी. पण त्यानं डॉक्टरला विचारून दवाखान्यातलं जास्त दाबाचं, टणक भिंतींचं चेंबर गाठावं, ही पिशवी नाही.

उरलेल्या ५ वेळांचे पैसे मागितले तर म्हणाले, "परत होत नाहीत, काकूंना पाठवा." काकू वावरात आहेत.