गणपतीपर्यंत घर उभे करून देतो

माझी ११,५४,००० रुपयांची फसवणूक झाली, हे लिहिताना आजही लाज वाटते. सत्तावीस वर्षे हिशेब खात्यात नोकरी केलेल्या माणसाने असे फसावे, यावर घरच्यांनी बोलायचे ते बोलून झाले आहे. वाचकांनीही बोलावे, पण आधी हे पूर्ण वाचावे, कारण कोकणातले बंद घर पुन्हा नांदते करण्याचा बेत आखणारे चाकरमानी पुष्कळ आहेत आणि मला फसवणारा ठेकेदार अजून मोकळा फिरतो आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे घर २०११ साली आजी गेल्यापासून बंद होते. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, ओटी, माजघर, मागे पडवी, सागाचे नऊ खांब, फणसाच्या तुळया आणि वर मंगलोरी कौले. घराचा सांगाडा तसाच ठेवून आत दोन न्हाणीघरे, नवे स्वयंपाकघर आणि माळ्यावर मुलांसाठी एक खोली करावी, एवढीच आमची इच्छा होती. अशा कामांची सुंदर छायाचित्रे इंस्टाग्रामवर टाकणारा हा ठेकेदार आम्हाला तिथेच सापडला.

तो अडाणी भामटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मातीच्या जोडणीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल आतच कोंडते आणि काही वर्षांत भिंत सुटते, म्हणून चुन्याचाच गिलावा हवा, हे त्याने मला समजावले आणि त्यात एक अक्षर खोटे नव्हते. वाशाला नखाने टोकरून वाळवी जुनी की चालू, हे त्याने दाखवले. जो माणूस खांबावरून हात फिरवत "हे लाकूड आता मिळत नाही हो" असे म्हणतो, त्याच्यावर संशय कोणाला येईल? तो आमच्या लाकडाचा भाव करत होता, हे मला सात महिन्यांनी कळले.

एकूण अंदाजपत्रक २३,४०,००० रुपयांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये ५१,००० रुपये बयाणा दिला आणि फेब्रुवारीत ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा करून ४,५०,००० रुपये दिले. अंदाजपत्रकावर जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि मी ऑगस्टमध्ये पाहिला तेव्हा तसा क्रमांकच अस्तित्वात नव्हता. शिमग्याला आम्ही गावी गेलो तेव्हा घराभोवतीचे रान साफ केलेले होते, चिरे आणि वाळू येऊन पडली होती, आणि पालखीला नमस्कार करून तो म्हणाला, "गणपतीपर्यंत घर उभे करून देतो." एप्रिलमध्ये छप्पर उतरवण्यासाठी त्याने ३,२५,००० रुपये घेतले. सगळे लाकूड वाळवीच्या औषधप्रक्रियेसाठी आपल्या कारखान्यात न्यावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच आठवड्यात गावातून चुलतकाकांचा फोन आला. "अरे, आढंपण काढलानी. टेम्पोत भरतायत सगळं. तू सांगितलंस काय?" मी त्यांना जरा तोऱ्यातच उत्तर दिले की काका, हे शास्त्रीय पद्धतीचे काम आहे. भावकीत हिश्श्यांवरून आधीच कुरबुरी असल्यामुळे काकांच्या चौकशीचा मी नको तो अर्थ काढला. तेव्हा भावकीशी कितीही वाकडे असो, गावात राहणाऱ्या एका माणसाला बांधकामावर लक्ष ठेवायला सांगावे आणि त्याचा फोन आला की गुमान ऐकून घ्यावे.

मे महिन्यात लाकडाची प्रक्रिया आणि तात्पुरते पत्रे यांसाठी आणखी २,१०,००० रुपये गेले. त्या वर्षी मोसमी पाऊस २५-२६ मे रोजीच कोकणात उतरला. मी घाबरून फोन केला, तेव्हा त्याने भिंतींवर निळे प्लास्टिक टाकल्याचे छायाचित्र पाठवले आणि माझे समाधान झाले. मी स्वतः का गेलो नाही, असे सगळे विचारतात. एप्रिलच्या अखेरीस आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, पत्नीची नोकरी फिरतीची, रजा संपलेल्या. ज्यांना हे कारण पुरेसे वाटत नाही, त्यांनी ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन एकदा रात्रीचा प्रवास करून पाहावा.

आता ज्या छायाचित्राने मला खरे फसवले, ते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, त्याने तीन छायाचित्रे पाठवली: पूर्ण झालेले छप्पर, पॉलिश केलेला खांब आणि अंगण. अंगणात लख्ख ऊन होते, कडेचे गवत पिवळे पडलेले होते, जमीन भेगाळलेली होती. आषाढातल्या कोकणात! आईने चष्मा लावून फोन हातात घेतला आणि म्हणाली, "एवढं ऊन? आषाढात आपल्या अंगणात शेवाळावरून पाय घसरतो." मी म्हणालो, उघडीप मिळाली असेल. माझा जन्म त्या घरातला. लहानपणी त्याच दिवसांत ओटीवर बसून चार-चार दिवस पागोळ्या मोजलेला मी, त्या पिवळ्या गवताकडे पाहत राहिलो आणि मला काही दिसले नाही, कारण मला छप्पर पाहायचे होते. अंगणाचे ते छायाचित्र कोणाच्या तरी दुसऱ्याच घराचे आणि उन्हाळ्यातले होते. त्याच संध्याकाळी फरशीसाठी मी १,१८,००० रुपये पाठवले. बाकीच्या रकमांचे मी काहीतरी समर्थन करू शकतो. या रकमेचे नाही.

२५ ऑगस्टला, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, आम्ही गावी पोहोचलो. छप्पर नव्हतेच. मातीची जोडणी तीन महिन्यांच्या पावसात धुऊन गेली होती, माजघराच्या दोन भिंती आत कोसळल्या होत्या आणि चिऱ्यांच्या ढिगावर तेरडा उगवला होता. पत्रा एकही नव्हता. गणपती काकांकडे बसवला. काका एक शब्दही बोलले नाहीत, याचा त्रास अधिक झाला.

पुढची कथा सरकारी कार्यालयांची आहे. शहरातल्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले की घटना तिकडची आहे, तिकडेच जा. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, ते मी छापून नेले, तर समोरचे साहेब म्हणाले, "वकील आहात का?" गावाकडच्या ठाण्यात करारनामा वाचून "हा दिवाणी मामला आहे" असे ऐकवण्यात आले, कारण अकराव्या पानावर एक ओळ होती: ‘मोडतोडीतून निघालेले जुने साहित्य ठेकेदाराच्या मालकीचे राहील.’ पाडकामाच्या करारात अशी ओळ सर्रास असते. दुरुस्तीच्या करारात ती असली तर सही न करता उठावे. वर मला विचारले की चोरीला गेलेल्या सागवानाची पावती आहे का. पणजोबांनी झाडे तोडून उभे केलेले खांब, आणि मी पावती दाखवायची! तलाठ्यांनी पंचनाम्याला नकार दिला, कारण छप्पर पावसाने नव्हे तर आम्हीच उतरवले. ग्रामपंचायतीत तर कमालच झाली: घर पडले असल्यास नमुना ८ वरची, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतली, नोंद कमी करण्यासाठी अर्ज द्या, असा सल्ला मिळाला. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. प्रत्येकाकडे काही ना काही कारण तयार होते, आणि प्रत्येकाने मला पुढच्या दारी पाठवले.

शेवटी पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवली आहे. त्याची पोच आली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात मात्र तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क ४०० रुपये आहे, हे मला आधी कोणीच सांगितले नाही. मुदत दोन वर्षांची असते, ती दिवाणी-फौजदारीच्या घोळात घालवू नका. आणि छप्पर कधीही एकदम उतरवू देऊ नका. एक सोपा, म्हणजे घराचा एक भाग, उघडून, तो झाकून, मगच दुसरा. प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक घालून त्याची छायाचित्रे काढा, लाकडावरची प्रक्रिया अंगणातच करून घ्या.

जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे किंवा एखाद्या नव्या हॉटेलात कोणाला पुढील वस्तू दिसल्या तर कृपया कळवावे: सागाचे नऊ खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर कमळ, त्यातल्या एकाच्या दोन पाकळ्या तुटलेल्या. दाराची गणेशपट्टी, डाव्या बाजूला कुऱ्हाडीचा घाव. आणि झोपाळ्याची फणसाची तुळई, जिच्या दोन कड्यांपैकी एक गोल आहे आणि दुसरी, वडिलांनी नंतर बसवलेली, चौकोनी.