ब्रेकेनरिजमध्ये थेट मालकाकडून घर: एका हिवाळ्याचा अनुभव

नोव्हेंबर ते एप्रिल ब्रेकेनरिजला (अमेरिकेत कोलोरॅडोतलं डोंगरातलं स्कीचं गाव, सगळे नुसतं ‘ब्रेक’ म्हणतात) जेवढ्या वेळा मुक्काम केला, तेवढ्या वेळा घर थेट मालकाकडून घेतलं. मधे बुकिंगची वेबसाइट नाही. आम्ही डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो आणि मुलं स्की शिकताहेत. शनिवारी पहाटे निघून रविवारी परतताना आय-70 महामार्गावर गाड्यांच्या रांगेत बसण्यापेक्षा सुट्टीला जोडून दोन-तीन रात्री राहिलेलं परवडतं.

पैसे किती वाचतात हे सगळे आधी विचारतात. वाटतं त्यापेक्षा कमी. वेबसाइटची सर्व्हिस फी सुटते, म्हणजे तीन रात्रींच्या भाड्यावर आमचे शंभर-सव्वाशे डॉलर वाचले. साफसफाईचे पैसे तेवढेच राहतात आणि टॅक्सही. ब्रेकमध्ये सगळे कर मिळून सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास जातात, त्यातले 3.4 टक्के गावाचा निवास कर. एक मालक म्हणाला, झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवा, टॅक्स लावत नाही. त्याला तिथूनच नमस्कार केला. गावाचा कर बुडवणारा माणूस माझं डिपॉझिट मुकाट्याने परत देईल, यावर माझा विश्वास नाही.

गंमत अशी की मालक आणि पाहुण्याची थेट गाठ घालून देणारी व्हीआरबीओ ही वेबसाइट याच गावातल्या एका कॉन्डोपायी (इमारतीतल्या फ्लॅटपायी) निघाली. डेव्ह क्लाउज यांना आपला ब्रेकमधला कॉन्डो भाड्याने द्यायचा होता, म्हणून त्यांनी 1995 साली ती सुरू केली. तेव्हा मालक जाहिरातीचे पैसे भरायचे आणि पुढचं बोलणं फोनवर व्हायचं. 2006 मध्ये होमअवे या सुट्टीची घरं लावणाऱ्या कंपनीने ती घेतली, 2015 मध्ये एक्सपीडिया या प्रवास-बुकिंगच्या कंपनीने होमअवेच घेतली, आणि पुढे पाहुण्यालाही फी लागायला लागली.

थेट बुकिंगचा खरा फायदा म्हणजे आधी प्रश्न विचारता येतात आणि त्या घरात स्वतः राहिलेलं माणूस उत्तर देतं. मार्चमध्ये पुण्याहून आई-बाबा आले होते. गाव 9,600 फुटांवर, बाबांचे गुडघे नाजूक. जाहिरातीत नुसतं ‘तीन बेडरूम’ होतं. मालकीणबाईंनी सांगितलं की एक खोली खालीच आहे, पण तिचं बाथरूम अर्ध्या जिन्यावर, त्यापेक्षा शेजारच्या इमारतीतला मैत्रिणीचा कॉन्डो बघा, तिथे लिफ्ट आहे. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवलं! हवा इतकी कोरडी असते की पहिल्या रात्री घसा सोलवटतो. त्यांच्या मैत्रिणीने आम्ही पोचायच्या आधी ह्युमिडिफायर भरून ठेवला होता.

स्वयंपाकाचंही तसंच. या उंचीवर पाणी 90 अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवा, वरण घोटलं जात नाही. प्रेशर कुकर किंवा इन्स्टंट पॉट घरूनच न्यायचा. फोडणीबद्दलही मी सरळ विचारून टाकतो. एका मालकाने फोटोवर खुणा करून पाठवलं: शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, फिल्टरमधून परत घरातच सोडतो, तेव्हा आधी सिंकमागची खिडकी उघडा, नाहीतर अलार्म वाजेल. मोहरी तडतडली, अलार्म गप्प राहिला.

जागेच्या बाबतीत मात्र मालकही वेबसाइटइतकेच गोड बोलतात. ‘लिफ्टपासून पाच मिनिटं’ (ही डोंगरावर नेणारी स्की-लिफ्ट) म्हणजे गाडीने पाच मिनिटं, आणि तिच्याजवळ गाडी लावायला जागा कुठे? नेमका पत्ता मागायचा आणि नकाशावर बघायचं. इथले स्कीचे डोंगर आकड्यांनी ओळखतात: पीक 9 चा पायथा मेन स्ट्रीट या गावातल्या मुख्य रस्त्याच्या जवळ, शिकाऊ मुलांना उतारही सोपे. पीक 8 वर बर्फ दाराशी, पण संध्याकाळी जेवायला गावात उतरावं लागतं. गावात ये-जा करणारा गोंडोला (दोरावरचा पाळणा) फुकट असला तरी रात्री उशिरापर्यंत त्याच्या भरवशावर राहू नये. ब्लू रिव्हर हे दक्षिणेला वेगळंच गाव आहे. तिथली घरं ब्रेकच्या नावाने खपवतात. घरं छान आणि स्वस्त, पण स्कीचे बूट घालून चालत जायचं स्वप्न सोडून द्या.

फसवणुकीची भीती रास्त आहे, आणि खातरजमा करायला अर्धा तास लागतो. अशा भाड्यासाठी गावाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. 2021 मध्ये गावाने या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, त्यामुळे ज्याच्याकडे परवाना आहे तो जपून असतो. समिट काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) असेसरच्या, म्हणजे घरांचं करमूल्य ठरवणाऱ्या कचेरीच्या साइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. ते नाव, करारावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. कधी घर एलएलसीच्या (मालकाने काढलेल्या खासगी कंपनीच्या) नावावर असतं, मग त्या एलएलसीत तुम्ही कोण, हे विचारायला लाजू नये. खरा मालक रागावत नाही. मी भरणा कार्डानेच करतो, तीन टक्के जास्त गेले तरी.

आता वाईट भाग. जानेवारीत एका घरात रात्री दहाला हीटिंग बंद पडलं. बाहेर शून्याखाली, घरात सगळे जाकिटं घालून. मालक दुसऱ्या राज्यात, फोन बंद. दारामागे चिकटवलेल्या कागदावर स्थानिक माणसाचा नंबर होता. तो तासाभरात दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊन आला, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. त्या माणसाबद्दल तक्रार नाही. मालकाने मात्र पैसे परत देण्यावर आठवडाभर उत्तर दिलं नाही आणि शेवटी एका रात्रीचं अर्धं भाडं टेकवलं. वेबसाइट मधे असती तर फोटो टाकून दाद मागता आली असती. इथे हातात फक्त करार, आणि त्यात हीटिंगचा उल्लेखच नव्हता. आता सही करण्याआधी मी दोन ओळी घालून घेतो: पाणी, वीज किंवा हीटिंग बंद पडलं तर रात्रीमागे किती परत, आणि आय-70 बंद झाला तर काय. दुसऱ्या ओळीवर बहुतेक जण अडतात. तारीख पुढे ढकलून देतात, पैसे देत नाहीत. वादळ आणि वाटेतल्या आयझेनहॉवर बोगद्याचा भरवसा कुणीच देत नाही, त्यामुळे तेही मी समजून घेतो.

भारतातून किंवा न्यू जर्सीहून एकदाच येणार असाल, विमानाची तिकिटं काढलेली असतील आणि नाताळचाच आठवडा हवा असेल, तर मी वेबसाइटवरूनच घ्या म्हणेन. त्या वेळी ती फी विम्यासारखी समजायची. थेट व्यवहाराची गोडी दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामापासून लागते. लिफ्टवाल्या कॉन्डोच्या बाईंनी पुढच्या हिवाळ्याच्या तारखा जुन्या पाहुण्यांना मे महिन्यातच कळवल्या, दरही तोच ठेवला. नाताळ आणि प्रेसिडेंट्स डेचा (फेब्रुवारीतल्या सुट्टीचा) वीकेंड त्यात नव्हता. तो त्या अजून वेबसाइटवरच लावतात.